उज्वलाने बसवलेला मीटर

आमच्या कोपऱ्यावरचा भाजीवाला उज्वलाला लांबून येताना बघतो आणि ती काही बोलायच्या आत तराजू उचलून तिच्यासमोर उलटा धरतो. "बघा ताई, खाली काही चिकटवलेलं नाही." ती हसत नाही. नीट बघते, मग म्हणते, "द्या अर्धा किलो गवार." गवार पिशवीत पडल्यावर पुन्हा एकदा हात घालून खालच्या शेंगा वर करून बघते. भाजीवाल्याला याचा राग येत नाही. तो म्हणतो, ही बाई बघते तोंडावर, बाकीचे घरी जाऊन नावं ठेवतात.

उज्वला माझी विद्यार्थिनी. आता म्हसरूळला आमच्याच सोसायटीत वरच्या मजल्यावर राहते. नवरा मनमाडला रेल्वेत आहे, मुलगी पुण्याला शिकते. सहावीत ती माझ्या वर्गात होती तेव्हा आम्ही मुलांना घेऊन सप्तशृंगीला निघालो होतो. सगळी मुलं खिडकीसाठी भांडत होती आणि ही दोन वेण्या घातलेली मुलगी ड्रायव्हरच्या शेजारी जाऊन उभी राहिली. "काका, तुमची झोप झाली का नीट?" तिने विचारलं. ड्रायव्हर म्हणाला, झाली. तर ही म्हणाली, "मग जांभई का दिली?" तो बिचारा घाट चढून वर पोहोचेपर्यंत तोंड मिटून बसला होता.

तिचा स्वभाव असा का झाला, याचं कारण मी बरीच वर्षं शोधलं. घरात कुणी फसवलं होतं, वडिलांची जमीन कुणी लुबाडली होती, असं काहीतरी सापडेल असं मला वाटायचं. तसं काही नव्हतं. आईवडील भोळे होते, शेजारी चांगले होते. काही मुलं डावरी जन्मतात, तशी ही संशयी जन्मली. आणि तिचा संशय स्वतःच्या फायद्यासाठी कधीच नसतो. एकदा तिच्या पेपरात माझी बेरीज चुकून तिला जास्त गुण पडले होते. ती मधल्या सुट्टीत पेपर घेऊन आली आणि कमी करून घेऊन गेली.

बी.कॉम. झाल्यावर दोन-तीन ठिकाणी नोकऱ्या करून ती ओझरच्या पुढे द्राक्ष बागायतदारांनी मिळून काढलेल्या एका कंपनीत लागली. तिथे द्राक्षं येतात, निवडून खोक्यात भरली जातात आणि जहाजाने परदेशी जातात. उज्वला तिथे अंतर्गत तपासणी बघते. म्हणजे बाकीच्यांनी केलेलं काम बरोबर आहे का, हे बघणं तिचं काम. इतकं जुळलेलं काम मी फार थोड्या माणसांना मिळालेलं पाहिलं आहे.

दोन वर्षांपूर्वी परदेशी दुकानदारांनी कंपनीला विचारलं, तुम्ही पाणी किती वापरता, वीज किती जाळता, आणि हा भार दरवर्षी कमी करता का? त्यात ऑफिसातले संगणकही आले. कंपनीत हर्षल नावाचा मुलगा संगणकाचं सगळं बघतो. मुलगा म्हणायचं, तिशी उलटली आहे त्याची. पुण्याची चांगली नोकरी सोडून आईसाठी ओझरला परत आलेला. त्याने योजना मांडली. संगणकाच्या खोलीत कपाटाएवढे जुने सर्व्हर रात्रंदिवस चालतात, ते तापतात म्हणून एसी रात्रंदिवस चालतो. ते काढू. बहुतेक काम दुसऱ्या गावातल्या भाड्याच्या मोठ्या संगणकांवर नेऊ, इथे दोन छोटी यंत्रं ठेवू, ती पंख्यावरही चालतील. यंत्रांपेक्षा एसीचीच वीज जास्त वाचेल.

कंपनीचे अध्यक्ष रंगनाथ अण्णा स्वतः जुने बागायतदार. त्यांना योजना पटली, पण खर्च मोठा होता आणि सभासद विचारणार होते. त्यांनी उज्वलाला बोलावलं. म्हणाले, हे वाचवणं खरं की कागदावरचं, ते एक हंगाम बघून तुम्ही सांगायचं. तुम्ही कुणाच्याच नाय, म्हणून तुम्हाला सांगतो.

उज्वलाने पहिली गोष्ट केली ती म्हणजे संगणकाच्या खोलीला वेगळा मीटर बसवून घेतला. द्राक्षं भरायच्या सगळ्या पॅकहाऊसचं बिल एकत्र येतं, त्यातून कोणी काहीही सिद्ध करेल, असं तिचं म्हणणं. मीटर बसवून तिने जुन्या सर्व्हरवर एक अख्खा हंगाम मोजून घेतला, आणि मगच यंत्रं बदलू दिली. नवी यंत्रं आली ती त्यानंतरच्या दिवाळीत.

मग ती हात धुऊन मागे लागली. आपल्याकडची वीज कमी झाली, पण भाड्याचे संगणक जिथे आहेत तिथे ती जळतेच ना, हे तिने विचारलं. त्या कंपनीने एक रंगीत तक्ता पाठवला. उज्वलाने फोन करून विचारलं, हा आकडा आमच्या कामाचा आहे की सगळ्या गिऱ्हाइकांची सरासरी? सरासरी निघाली. तिने पुन्हा फोन केला, पुन्हा केला. शेवटी तिकडची मुलगी कंटाळून म्हणाली, मॅडम, आम्हाला असं आजवर कुणी विचारलेलं नाही. उज्वलाने मला हे मोठ्या समाधानाने सांगितलं.

जुने सर्व्हर न्यायला अंबडहून अन्सारभाई आले. संगणकाचं भंगार रीतसर सोडवून, तांबं वेगळं, पत्रा वेगळा, विषारी भाग वेगळे करून पुढे पाठवायचा परवाना त्यांच्याकडे आहे. उज्वलाने परवाना बघितला आणि मग टेम्पोत पुढच्या सीटवर जाऊन बसली.

"ताई, पोलीससुद्धा असे टेम्पोत बसत नाहीत हो," अन्सारभाई म्हणाले.

"पोलिसांचा तुमच्यावर विश्वास असेल."

अंबडला पोहोचून तिने शेडमध्ये उभं राहून सगळं सुटताना बघितलं. अन्सारभाईंनी तिला खुर्ची दिली, चहा दिला, आणि निघताना विचारलं की घरी भाईसाहेबांचं कसं चालतं. तिने ते उत्तर मला सांगितलं नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. दिवाळीनंतर खोलीचा मीटर चांगलाच खाली आला होता. मग जानेवारी आला, द्राक्षाचा हंगाम सुरू झाला आणि मीटर पुन्हा चढायला लागला. फेब्रुवारीत तो मागच्या हंगामापेक्षा जेमतेमच खाली होता. योजनेत जेवढं वाचेल म्हणून लिहिलं होतं, त्याच्या जवळपासही नाही.

तेव्हापासून उज्वला संध्याकाळी माझ्याकडे आली की तिचं लक्ष चहात नसायचं. तिचं म्हणणं असं, की सुरुवातीला दाखवण्यापुरती वीज कमी केली आणि मग मागच्या दाराने काहीतरी पुन्हा सुरू केलं. नवी यंत्रं सांगितली तेवढी चांगली नसणार. हर्षलला ते माहीत असणार. माहीत असूनही त्याने घ्यायला लावली, म्हणजे विकणाऱ्याकडून त्याला काहीतरी मिळालं असणार. एकेक पायरी ती अशी चढत गेली, आणि प्रत्येक पायरी तिला पक्की वाटत होती.

मी विचारलं, "त्याला विचारलंस का?"

"विचारून काय होतं बाई? घेतलं असेल तरी नाही म्हणेल, नसेल तरी नाही म्हणेल."

ती त्याच्यावर नजर ठेवायला लागली. तो कधी येतो, कुणाशी फोनवर बोलतो, यंत्रं विकणारा माणूस आला तर दोघं चहा कुठे घेतात. शिवाय आणखी एक गोष्ट तिच्या मनात होती. हंगामाच्या सुरुवातीला एका सकाळी तिने ती खोली उघडली तर आत उकडत होतं. एसी बंद. त्याचं बटण दाराबाहेर असतं, आणि तो हर्षलने बंद केला होता. खोलीत ठेवलेली नमुन्याची द्राक्षं त्या दिवशी मऊ पडली. तिला वाटलं, हा मुद्दाम माझ्या कामात खोडा घालतो आहे.

नमुन्याची द्राक्षं म्हणजे काय, हे मला तिनेच समजावलं होतं. माल जहाजावर चढतो तेव्हा त्यातली काही खोकी इथेच मागे ठेवतात. परदेशी दुकानाच्या फळीवर जेवढा गारवा असतो, तेवढ्याच गारव्यात ठेवून ती किती टिकतात ते बघतात. पुढे तिकडून माल खराब निघाल्याची तक्रार आली, तर ही खोकी कंपनीची साक्ष. पूर्वी ती शीतगृहाच्या तोंडाशी असायची, पण तिथे येणारा-जाणारा एखादा घड तोंडात टाकायचा. एकदा ऐन तक्रारीच्या वेळी खोक्यात नुसत्या काड्या निघाल्या. तेव्हापासून उज्वलाने नमुने कुलपात ठेवायचे ठरवले. कुलूप असलेली आणि गार अशी एकच खोली होती, संगणकाची. किल्ली उज्वलाकडे. ही व्यवस्था इतकी जुनी झाली होती की त्या खोलीत द्राक्षं का आहेत, असं कुणी विचारतही नव्हतं.

मार्चच्या सुरुवातीला अण्णांनी तिला आठवण करून दिली. अहवाल द्या. आणि असंही म्हणाले, की वीज वाचली नसेल तर हंगाम संपला की हर्षलला आपण मोकळं करू, सभासदांना मला तोंड दाखवायचंय. कमिशनची कुजबूज त्यांच्याही कानावर गेली होती. ती उज्वलाने केली नव्हती. पण ती हर्षलवर नजर ठेवते, हे सगळे बघत होते, आणि तेवढं पुरे झालं.

त्या रविवारी मला पिंपळगावला बहिणीकडे जायचं होतं. उज्वला म्हणाली, वाटेत पॅकहाऊसला थांबू, मला मीटर बघायचा आहे. हंगामात रविवार नसतो. ट्रॅक्टर उभे होते, बायका हातमोजे घालून घडातले वाईट मणी कात्रीने काढत होत्या. उज्वलाने खोलीचं कुलूप काढलं. आत छान गार होतं. भिंतीला दोन छोटी यंत्रं, हिरवे दिवे लुकलुकत होते, आणि बाकी सगळी खोली लोखंडी मांडण्यांनी भरलेली. मांडण्यांवर द्राक्षांची खोकी, प्रत्येकावर तिच्या अक्षरातली चिठ्ठी.

तिने मीटर बघितला, ओठ आवळले, आणि बाहेर झाडणाऱ्या कुसाबाईंना रोजच्या सवयीने हाक मारली. "कुसाबाई, एसी बंद नाही ना होऊ दिला?"

"नाय ताई. तुमी सांगितल्यापासून एकदा बी नाय."

उज्वला दाराला टेकली. मला वाटलं तिला चक्कर आली. मी तिच्या दंडाला धरलं तर ती मांडण्यांकडे बघत होती, मग एसीकडे, मग त्या दोन यंत्रांकडे. यंत्रांच्या वर छताला नवाकोरा पंखा होता, बंद. त्याच्या पात्यांवर धूळ होती.

"बाई," ती म्हणाली, "हा एसी माझा आहे."

मला तेव्हा नीट कळलं नाही. गाडीत तिने सांगितलं. यंत्रं बदलल्यावर हर्षलने एसी बंद केला होता, योजनेत होतं तसाच, म्हणून दिवाळीनंतर मीटर खाली आला. जानेवारीत द्राक्षं आली, द्राक्षांना गारवा हवा, म्हणून तिने तो पुन्हा चालू करायला लावला आणि बंद होणार नाही अशी व्यवस्था केली. जी वीज कुठे जाते म्हणून ती महिनाभर शोधत होती, ती तिच्या कुलपाआड जात होती. यंत्रं ठरल्याप्रमाणेच चालत होती. बहिणीच्या दारात मी उतरले तेव्हा तिने मला विचारलं, "हर्षलला हे दिसलं नसेल का?"

दिसलं होतं. दुसऱ्या दिवशी तिने त्याला गाठलं. पण तो काय म्हणाला, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं.

तिने अहवाल लिहिला. यंत्रांची निवड योग्य आहे, वीज वाचली नाही याचं कारण नमुन्यांची खोकी त्या खोलीत ठेवणं, आणि ती ठेवण्याचा निर्णय माझा आहे. खाली सही. दुसऱ्या गावात जळणाऱ्या विजेचा आकडा अजून मिळालेला नाही, हेही लिहायला ती विसरली नव्हती.

अण्णांनी अहवाल वाचला, चष्मा काढला. तिच्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उज्वलाताई, इतक्या वर्षांत तुम्ही कुणाला पाठीशी घातलं नाय. आता ह्याच पोराला का?"

हे सांगताना तिचा चेहरा मी पहिल्यांदाच तसा पाहिला. आयुष्यभर तिने लोकांकडे ज्या नजरेने बघितलं होतं, त्या नजरेने आज कुणीतरी तिच्याकडे बघत होतं. आणि तिच्याकडे दाखवायला काही नव्हतं. अण्णांच्या मनात वेगळंच होतं. जी बाई अख्खा हंगाम पोराच्या मागे होती, ती अचानक चूक आपल्या अंगावर का घेते? दोघांचं काहीतरी जमलं असेल. बरोबर बसलेल्या एका संचालकाने तर विचारलं, की यंत्रं विकणारा तुम्हालाही भेटला होता का.

"मग तू काय म्हणालीस?" मी विचारलं.

"म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका. खोकी काढा आणि मीटर तुम्ही स्वतः बघा."

खोकी निघाली. शीतगृहाच्या बाजूला एक लहानशी खोली दुसऱ्या कामाला वापरत होते, ती नमुन्यांना मिळाली, कुलपासकट. तिथला गारवा शीतगृहाच्या भिंतीतूनच येत होता, वेगळा एसी लागला नाही. संगणकाच्या खोलीत एसी बंद होऊन पंखा सुरू झाला. मीटर बघायला अण्णा रोज स्वतः येऊ लागले. उज्वलाने त्या खोलीची किल्लीही त्यांच्याकडे देऊन टाकली होती, म्हणजे मागाहून कुणी म्हणायला नको. मीटर उतरला आणि उतरलेलाच राहिला. अण्णा उज्वलाला म्हणाले, पोरगं चांगलं आहे, राहू द्या त्याला. जणू काढायचं उज्वलानेच ठरवलं होतं.

पण हर्षलने राजीनामा पाठवला. आईला बरं नाही, असं कारण लिहिलं होतं. आईला काही झालेलं नव्हतं. झालं होतं ते असं, की ओझरला पिठाच्या गिरणीत एका बाईने तिला विचारलं होतं, तुमच्या हर्षलचं ते कमिशनचं मिटलं का हो.

उज्वला माझ्याकडे आली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही चला माझ्याबरोबर. मला नीट बोलता येणार नाही."

आम्ही गेलो. ओझरला त्यांचं साधं, दोन खोल्यांचं नीटनेटकं घर आहे. दारात कढीपत्ता. हर्षलच्या आईने आम्हाला बसायला सतरंजी घातली आणि उज्वलाकडे न बघता माझ्याशीच बोलत राहिली. तुम्ही शिकवलंत का हो हिला, असं विचारलं. मी हो म्हणाले. त्या म्हणाल्या, "बरं शिकवलंत," आणि आत चहा ठेवायला गेल्या.

हर्षल बाहेरून आला, हातात पिशवी होती. आम्हाला बघून क्षणभर उंबऱ्यात थांबला, मग येऊन समोर बसला. शांत मुलगा आहे. बोलताना समोरच्याकडे बघतो.

उज्वलाने सुरुवात केली ती मीटरपासून. आता किती खाली आहे, अण्णा काय म्हणाले. तो ऐकत होता. मग तो म्हणाला, "ताई, एसी चालू आहे हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मी एकदा बंद केला. तुम्ही कुसाबाईंना सांगून पुन्हा लावलात. मग मी गप्प बसलो. तुम्ही मला तपासत होतात. मी म्हणालो असतो की चूक तुमची आहे, तर तुम्ही काय म्हणाला असतात?"

"स्वतःचं माझ्यावर ढकलतोस म्हणाले असते," उज्वला म्हणाली.

"तेच. तुम्ही मला गाठलंत त्या सोमवारीही मी तुम्हाला हेच सांगितलं होतं."

बऱ्याच दिवसांपूर्वीचं ते बोलणं असं माझ्या कानावर आलं. आतून कपबशांचा आवाज येत होता.

"तुम्ही टेम्पोत बसलात," हर्षल म्हणाला. "त्या तिकडच्या मुलीला किती फोन केलेत. माझ्या मागे चहाच्या टपरीपर्यंत आलात. सगळ्यांना विचारलंत. मला एकदाही विचारलं नाहीत."

"तू नाही म्हणाला असतास."

"हो. मग?"

वर्गात प्रश्न चुकला की उज्वला हाताची बोटं एकमेकांत अडकवायची. आताही तिने तसंच केलं.

"आता विचारा," तो म्हणाला. "आईसमोर."

त्याची आई ट्रे घेऊन दारात उभी राहिली होती. उज्वलाने एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा त्याच्याकडे.

"हर्षल, यंत्रं घेताना तू कुणाकडून काही घेतलंस?"

"नाही."

मी उज्वलाकडे बघत होते. तिचे डोळे मला माहीत आहेत. आता ती कागद मागेल, बँकेचं काहीतरी मागेल, निदान त्या विक्रेत्याचा नंबर तरी मागेल, असं मला वाटलं. ती बराच वेळ त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला किती कठीण जात होतं, ते मला दिसत होतं.

"बरं," ती म्हणाली.

आईने ट्रे खाली ठेवला. उज्वलाने कप उचलला, चहा गरम होता, तरी तिने एक घोट घेतला. मग म्हणाली, "राजीनामा अण्णांकडे जाताना माझ्याच टेबलावर आला, तिथेच आहे. पुढे पाठवला नाही मी. उद्या ये."

हर्षलने आईकडे बघितलं. आई म्हणाली, "माझ्याकडं काय बघतो? मला बरं नाय असं तूच लिहिलं ना? झालं बरं."

तो हसला, त्या दिवसात पहिल्यांदाच. "सकाळी येऊ की दुपारी?"

"सकाळी," उज्वला म्हणाली. "आणि वेळेवर. गेटवरची हजेरी मीच बघते."